पैठण रस्त्यावरची सात झाडं

अण्णा,

मला डबल डेकरचा इतिहास लिहायला सांगितलाय. आपल्या एसटी विभागाची स्मरणिका निघतेय, पोलीस ॲक्शननंतर इथं सरकारी मोटारी कशा वाढत गेल्या त्यावर, आणि तीत एक पान पैठण जलदच्या दोन मजली गाड्यांचं आहे. त्या वेळचं माणूस ऑफिसात आता मीच उरलेय, म्हणून ते पान माझ्याकडे आलं. आमचे साहेब वयानं माझ्याहून बरेच लहान आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या वडिलांनीच तर मार्ग तपासला होता ना? घरचाच विषय आहे तुमचा." मी हो म्हटलं. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी पुंडलिकनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो कागद घेऊन बसते आणि एका वाक्याशी अडते. गाड्या का बंद झाल्या, हे सांगणारं वाक्य. जुन्या फायलीत ते तयारच आहे: "मार्ग तपासणीतील त्रुटीमुळे." तपासणी तुमची होती. त्रुटी तुमची नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, म्हणजे आता ते फक्त मलाच माहीत आहे. मी ते वाक्य तसंच उतरवलं तर तुमच्या नावाला लागलेला डाग छापला जाईल. खरं लिहिलं तर माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीची सुरुवात कशी झाली तेही लिहावं लागेल.

सुरुवातीचा भाग सोपा होता, कारण तो तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलेला. निजामाच्या काळात तुम्ही वीस-बावीस वर्षांचे, फुलंब्रीकडच्या गावातून उर्दू सातवी करून आलेले, आणि खात्यानं तुम्हाला मोटार शिकायला हैदराबादला पाठवलं. तिथं पहिल्याच दिवशी तुम्ही दोन मजली बस पाहिली, वरच्या पहिल्या बाकावर जाऊन बसलात आणि उतरायचं ठिकाण मागं गेलं तरी उठला नाहीत. "झाडाच्या शेंड्याशेजारून माणूस बसल्या बसल्या चाललाय," असं सांगायचात, आणि सांगताना हात डोक्याच्या वर न्यायचात. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. काही दिवस मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि पुन्हा निघाल्या तेव्हा ड्रायव्हर तेच होते, टोपीवरचा बिल्ला तेवढा बदलला होता. पुढं राज्य वाटलं गेलं तेव्हा गाड्याही कागदावर वाटल्या गेल्या, आणि दोन मजली सगळ्या हैदराबादकडेच राहिल्या. भावकीतल्या वाटणीबद्दल बोलावं तसं तुम्ही म्हणायचात, "माडी त्यांच्याकडं गेली, आपल्याकडं ओसरी आली." आई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची, "आन् तुमाला माडीच पाह्यजे. घरावर पत्रा हाय तो आधी बगा, गळतोय." आईचं हे वाक्य मी लेखात घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं.

त्यानंतर वीसेक वर्षांनी दोन जुन्या डबल डेकर मुंबईहून आपल्या वर्कशॉपात आल्या. शहरात चालून चालून थकलेल्या गाड्या होत्या त्या. पैठणला धरणाचं काम जोरात होतं, सकाळ-संध्याकाळ माणसं टपावर बसायची, आणि वरच्या कुणाच्या तरी मनात आलं की शहरातली दोन मजली गाडी लांबच्या रस्त्यावर जलद म्हणून चालवून बघावी. मागच्या उघड्या दरवाजाला पत्र्याचं दार बसवलं, बाकांना गाद्या बसवल्या, दोन मजल्यांना दोन कंडक्टर नेमले. तुमच्या उजव्या डोळ्यावर तेव्हा पडदा आलेला. स्टेअरिंग सुटून दोन वर्षं झाली होती आणि तुम्ही डेपोत टायर तपासत होता. रस्त्याचा मुआयना तुम्ही करायचा, कुठलं झाड, कुठली तार गाडीला आडवी येते ते पाहायचं, असं साहेबांनी ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी तुम्ही चपला न काढता थेट स्वयंपाकघरात येऊन उभे राहिलात. आईनं विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काय नाय. जेवाया वाढ." आणि जेवताना मधेच हसत होता.

तुमची मोजायची पद्धत मी लेखात नीट लिहिली आहे, कारण ती तुमची स्वतःची होती. गाडीची उंची साडेचौदा फूट. तुम्ही एक लांब वेळू घेतला, उघड्या ट्रकच्या हौद्यात तो असा उभा बांधला की शेंडा रस्त्यापासून बरोबर पंधरा फुटांवर येईल, आणि शेंड्याला बैलाच्या गळ्यातली घंटी लावली. ट्रक माणसाच्या चालीनं चालायचा. तुम्ही हौद्यात वेळूला धरून उभे. घंटी वाजली की ट्रक थांबायचा, झाडाच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढला जायचा आणि तुमच्या वहीत उर्दूत नोंद व्हायची. घंटी वाजली नाही, पण फांदी शेंड्याच्या फार जवळून गेली, तर तुम्ही ट्रकच्या टपावर चढून मधलं अंतर पट्टीनं मोजायचात. माझी बी.ए.ची परीक्षा झालेली, निकाल यायचा होता. एक दिवस मीही बरोबर आले. मे महिना. चितेगावच्या पुढं एका वडाखाली घंटी वाजते. मजूर कुऱ्हाड घेऊन चढतो, तेवढ्यात शेतातून एक म्हातारी पदर खोचून येते.

"कुणाला इचारून तोडाया लागले?"

"सरकारी काम हाय, मावशी," तुम्ही म्हणता.

"झाड काय सरकारनं वाढवलं? माह्या सासऱ्यानं पाणी घातलंय त्याला."

"गाडी जायची हाय इथनं. दोन मजल्यांची."

"मग एकाच मजल्याची आणा की. वर बसायची एवढी घाई काहून हाय?"

मजूर हसतो. तुम्ही हसत नाही. खाली उतरून तुम्ही तिला फांदी दाखवता, कुठून तोडणार, किती राहील ते सांगता, आणि ती बोट दाखवते तिथूनच तोडायला लावता. ट्रक मागं घेऊन वेळू पुन्हा खालून नेता. घंटी वाजत नाही. तरी म्हातारी जात नाही. "आता नाय वाजायची," ती म्हणते. "पावसात या. वल्लं झालं की ह्यो वड रेड्यावानी मान खाली घालतो."

दुसरा कुणी असता तर ऐकून सोडून दिलं असतं. तुम्ही सोडलं नाहीत. उन्हाळ्यात फांद्या हलक्या असतात, आणि आपण उन्हाळ्यातच मोजतोय, हे तुमच्या डोक्यात बसलं. बिडकीनच्या पुढं ढोरकीनपर्यंत सात वड असे निघाले की घंटी वाजत नव्हती, पण फांदी शेंड्यापासून चार-पाच बोटंच वर होती. तोडावी तर आज कारण नाही, सोडावी तर पावसाचा भरवसा नाही. त्या सात झाडांसमोर तुम्ही एकच शेरा लिहिला. मला उर्दू वाचता येत नाही, म्हणून विचारलं. "ओल्यात पुन्हा," तुम्ही सांगितलंत. पाऊस चांगला लागला की वेळू पुन्हा या सातांखालून न्यायचा, आणि तोवर गाडी सोडायची नाही.

आता पुढचं जे लिहिते आहे ते लेखात नाही. कार्यालयात कागद मराठीत लागायचा. तुम्हाला बाळबोध अक्षर वाचता यायचं, पण बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत. सही तुम्ही उर्दूतच करायचात. म्हणून नक्कल माझ्याकडे आली: तुम्ही वहीतून सांगायचं, मी लिहायचं. आणि त्याच आठवड्यात मी त्याच कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आले होते. तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. चांगले गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल वाकडं लिहावं असं माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, "तुमचं नाव यादीत आहे. वडिलांना सांगा, मंत्री पंधरा दिवसांनी येतायत, त्यांच्या हातून गाडीला नारळ फुटायचाय. मार्ग मोकळा असल्याचा कागद सोमवारी टेबलावर पाहिजे. तुमचा आणि तो, दोन्ही कागद एकदमच वर पाठवतो." एवढंच. त्यांनी अट घातली नव्हती. दोन्ही कागद एका टपालात जातील, इतकंच कदाचित सांगत होते. अट मी घातली, माझ्या मनात. त्या दिवसाची डायरी परवा काढून पाहिली. तीत लिहिलंय: "साहेब भेटले. आशा आहे." डायरीत खोटं काही नाही. पण डायरीत काय लिहिलेलं नाही ते बघायची सवय मला फार उशिरा लागली.

रविवारची सकाळ. आई स्टोव्हपाशी, तुम्ही पाटावर मांडी घालून, वही मांडीवर. मी समोर, पिठाच्या डब्यावर कागद ठेवून. तुम्ही सांगता: अमुक झाड, इतके फूट, इतके इंच, तोडलं. मी लिहिते. सातांपैकी पहिलं झाड येतं आणि तुम्ही म्हणता, "ओल्यात पुन्हा." माझा हात थांबतो.

"अण्णा, हे असं लिहिलं तर गाडी सुटणार नाही."

"नाय सुटणार. दोन महिन्यांनी सुटंल."

"मंत्री येणार आहेत."

"मग एकमजलीवर फोडतील. नारळाला काय कळतंय किती मजले हायत ते."

आई हसते. मी खाली बघते आणि पुढचं झाड लिहिते. शेरा लिहीत नाही. पुढच्या सहाही वेळा टाक कागदावर टेकल्यासारखा हलवते, टेकवत नाही. शेवटी तुम्ही सांगता, "सात झाडं सोडून रस्ता मोकळा. ती पावसात बघून मग गाडी सोडावी." मी लिहिते: मार्ग मोकळा आहे. मग तुम्ही म्हणता, "वाच."

मी वाचते. अण्णा, मी सगळं वाचते. कागदावर आहे ते, आणि नाही तेही. प्रत्येक झाडापाशी योग्य जागी थांबून "ओल्यात पुन्हा" म्हणते, सात वेळा, न चुकता, आणि शेवटचं वाक्यही तुम्ही सांगितलं तसंच्या तसं. तुम्ही वहीत बघत ओळीमागून ओळ जुळवून घेता. "बेस लिहिलं," म्हणता, आणि कागद स्वतःकडे ओढून, मी बोटानं दाखवलेल्या जागी उजवीकडून डावीकडे सही करता. शेरा विसरले असते तर ते वेगळं होतं. मी विसरले नव्हते, हे सिद्ध करायला माझाच आवाज पुरेसा आहे.

गाडी सुटली. तुम्ही चकित झालात. मला विचारलंत, "पावसाआधीच कशी काय सोडली?" मी म्हटलं, "साहेबांनी वाचलंय. पाऊस लागला की थांबवून तपासणार आहेत." तुम्ही मान हलवलीत. एकदा सही करून कागद वर गेला की वरच्याला तोंडी विचारायचं नाही, ही तुमची जुन्या राज्यातली शिस्त. नोकरी वाचवायची तर ती पाळावीच लागे, असं तुम्ही सांगायचात. मी त्या शिस्तीचा फायदा घेतला, हे तेव्हा मला शब्दांत कळलं नव्हतं. पण कुठं हात घातला की तुम्ही पुढं जाणार नाही, ते बरोबर कळलं होतं.

मला नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी तुम्ही गुलमंडीवरून पेन घेऊन आलात. "कारकुनाला स्वतःचा पेन पाह्यजे. दुसऱ्याचा मागितला की माणूस दबतो." त्यानंतरचे पाच-सहा आठवडे आपल्या घरात फार चांगले गेले, हेही मी लिहिलं पाहिजे. बायका आधी वर जायला तयार नव्हत्या, मग खालची जागा रिकामी असताना वर जाऊ लागल्या. बिडकीनचा एक शेतकरी कंडक्टरला म्हणाला होता, "खाली बसून काय दिसतंय? वरनं बगितल्यावर कळलं शेजाऱ्यानं माझा बांध किती कोरलाय ते." हे तुम्ही चार लोकांना सांगितलंत. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः वरच्या पहिल्या बाकावर बसून पैठणला जाऊन आलात, आणि आईनं काय पाहिलंत म्हणून विचारल्यावर म्हणालात, "तेच. शेंडे." पाऊस सुरू झाला तसे तुम्ही डेपोत ट्रक मागायला गेलात. ट्रक दुसऱ्या कामावर होता. पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाले.

त्या आठवड्यात दोन दिवस झड लागली होती. सातांपैकी पाचव्या वडाची फांदी वरच्या मजल्याच्या पुढच्या काचेतून आत आली. पहिल्या बाकावर एक बाई होती, लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली. भुवईपासून कानापर्यंत काच फिरली. डोळा वाचला. तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा मला बरोबर घेतलंत. का घेतलंत ते तेव्हा विचारलं नाही. ती बाई तुम्हाला म्हणाली, "फांदी येताना दिसली बगा मला, मामा. वाटलं, गाडी खाली वाकंल." तुम्ही तिच्या खाटेशेजारी उभे होता. "लेकीला काय झालं?" तुम्ही विचारलंत. "मुलगा. मी नव्हते तिथं, पण झाला." मी तिच्या पट्टीकडं पाहिलं आणि मग खिडकीकडं.

चौकशीत तुमच्यासमोर तो कागद वाचला गेला. संध्याकाळी घरी आलात, हातपाय धुतलेत, पाटावर बसलात. आईनं ताट वाढलं.

"तिथं कागद वाचला," तुम्ही म्हणालात. "शेरा नाय त्यात."

"नकलेत राहिला असंल, अण्णा."

"सातही?"

स्टोव्हचा आवाज येत होता. आईनं विचारलं, "काय राहिलं?" तुम्ही म्हणालात, "काय नाय. मीठ दे." आणि जेवलात. मी मात्र त्या "सातही?" या एका शब्दापाशी अजून बसलेली आहे. तुम्ही रागवला असतात, ओरडला असतात, तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि कुठंतरी ते संपलं असतं. तुम्ही मला रडायलाही जागा ठेवली नाहीत. कदाचित तसा तुमचा विचारही नसेल. तुमच्या वागण्याला मीच अर्थ लावत असते, आणि तो दर वर्षी थोडा वेगळा निघतो.

दुसऱ्या दिवशी वही फळीवर होती. ती चौकशीत दाखवायला नेली असतीत तर काम झालं असतं. कार्यालयातल्या जुन्या माणसांपैकी निम्म्यांना उर्दू वाचता येत होतं. तुम्ही ती नेली नाहीत. चौकशीत सांगितलंत, "माझ्याकडनं राहिलं." मी तुमच्यानंतर तासाभरानं त्याच कार्यालयात कामावर गेले. निघताना वही मला दिसली होती. मीही नेली नाही. लोक म्हणतील, बापानं मुलीची नोकरी वाचवली. मलाही बरीच वर्षं तसंच म्हणून घ्यायला आवडलं. पण एका माणसानं झाकलं आणि दुसऱ्यानं झाकू दिलं, तर ते दोघांचं मिळून झालं, एकट्या तुमचं नाही.

गाड्या काढून घेतल्या, कुठं गेल्या ते फायलीत नाही. तुम्हाला निवृत्तीपर्यंत स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. जाता-येता ड्रायव्हर विचारायचे, "काय अण्णा, आज आभाळ किती फुटांवर हाय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "तुझ्या डोक्याला लागणार नाय एवढं." मी जिन्यावरून ऐकायचे. खिडकीतून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगताना तुमचा आवाज सरळ असायचा. मला वाटायचं, आता कधीतरी माझ्याकडं बघतील. तुम्ही रोज बघायचात, डबा खाल्ला का विचारायचात.

मग श्रावणातला तो रविवार. गाड्या जाऊन महिना झालेला. तुम्ही म्हणालात, "चल बाई, काम हाय." वेळू टपावर बांधून आपण एसटीनं बिडकीनला उतरलो. रात्रभर पाऊस झाला होता, वडांची पानं जड होऊन खाली आली होती. तुम्ही वेळू फांदीला लावून उभा धरता. त्यावर चुन्यानं फुटांचे पट्टे आणि मधल्या खुणा केलेल्या. मला म्हणता, "वर बघ. किती?"

"आता काय उपयोग, अण्णा? गाड्या तर गेल्या."

"उपयोगाचं मग बगू. किती?"

"चौदा फूट, एक इंच."

"लिही."

तीच वही तुम्ही माझ्या हातात दिलीत. तुमच्या उर्दू नोंदींच्या खाली मी मराठीत लिहिलं. दुसरं झाड, तिसरं झाड. ढोरकीनपर्यंत चालत. पाचव्याची मोडलेली फांदी तरीही तुम्ही मोजायला लावलीत, उरलेल्या खुंटापर्यंत. सातही झाल्यावर एका दगडावर बसलो. मला वाटलं, आता म्हणाल, वाच. मी वही उघडलीसुद्धा. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, चांगला डोळा कागदाजवळ नेलात, आणि बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत, माझ्या सात ओळी स्वतः वाचल्यात. फार वेळ लागला. दोन गाड्या येऊन गेल्या. माझ्या अंगावर झाडाचं पाणी पडत होतं आणि मला सरकता येत नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणालात, "बरोबर हाय," आणि वही खिशात घातलीत. आयुष्यात तुम्ही मला दिलेली बोलणी एवढीच. त्यानंतर माझी एकही नक्कल मी दोनदा ताडून पाहिल्याशिवाय पुढं पाठवलेली नाही. ऑफिसात त्याबद्दल माझं कौतुक होतं. ते ऐकायला मला आता कंटाळा येतो.

तर ते वाक्य. पहिल्या खर्ड्यात मी फायलीतलंच उतरवलं होतं. दुसऱ्यात लिहिलं, "नक्कल करताना महत्त्वाचे शेरे वगळले गेल्यामुळे." दोन दिवस ते राहू दिलं. मग लक्षात आलं की "वगळले गेल्यामुळे" म्हणजे कुणी वगळले ते न सांगणं, आणि ते सांगायचं तर माझं नाव, माझं पद, माझी पुढच्या वर्षीची बढती, सगळं त्या पानावर येतं. मुलगा वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी आला, मी त्याला विचारलं, तुझे आजोबा कशामुळे चौकशीच्या खिडकीत बसले ते तुला माहीत आहे का? तो म्हणाला, "काहीतरी झाडाचं मोजमाप चुकलं होतं ना?" हे त्याला मीच सांगितलेलं. मी हो म्हणाले आणि त्याला वाढलं. त्या रात्री झोपण्याआधी हे पत्र सुरू केलं, लेख सुटावा म्हणून. हे कुठं पाठवायचं नाही, हे मला पहिल्या ओळीलाच माहीत होतं, आणि म्हणूनच इतकं लिहिता आलं, याचीही मी नोंद घेतली पाहिजे.

काल लेख दिला. शेवटचं वाक्य असं आहे: "पावसाळ्यात झाडांच्या फांद्यांचा अडथळा होऊ लागल्याने ही सेवा बंद करण्यात आली." त्यात तुमची चूक नाही, एवढं मला करता आलं. माझीही नाही. साहेबांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "मॅडम, मोजमाप कुणी केलं ते आलंय, पण वडिलांबद्दल अजून एखादी ओळ हवी होती. चांगलं काम होतं त्यांचं." मी म्हटलं, पान भरलं, साहेब.

पान भरलं नव्हतं, अण्णा. खाली दोन ओळींची जागा होती.